चाक अंगाला, बोट तोंडाला

आप्पा, गेल्या महिन्यात ती आपल्या दुकानात परत आली. बोटभर उंचीची, पितळेची, मांडी घालून बसलेली, दोन्ही हातांत आडवी पळी धरलेली अन्नपूर्णा. पन्नाशीच्या एका बाईंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली, काउंटरवर सोडली आणि म्हणाल्या, "मुलीचं लग्न आहे. गौरीहराला हीच ठेवायचीय. जरा उजळून द्या." मी सवयीनं हातात घेतली आणि सवयीनंच अंगठा तिच्या तोंडावरून फिरवला. तिथं काही नव्हतं. ना नाक, ना डोळ्यांच्या खाचा, ना ओठ. चिंचोक्यासारखं गुळगुळीत. इतक्या वर्षांत किती देव या अंगठ्याखालून गेले असतील त्याची मोजदाद नाही, पण हा नसलेला चेहरा मी कुठंही ओळखला असता. तो मीच घालवलेला आहे.

आज शुक्रवार. दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद आहे, मोटार गप्प आहे, म्हणून लिहायला बसलेय. आपल्या घरात एकमेकांना पत्रं लिहायची पद्धत नव्हती. तुमच्या हातची एकच चिठ्ठी माझ्याकडे आहे, "समई पारनाक्याला पोचव, हात न लावता ठेवा म्हणून सांग." तेव्हा मायना वगैरे मला काही येत नाही. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुम्ही असताना तुमचं कौतुक करायला गेलं की तुम्ही उठून मोटारीला तेल द्यायला जायचात. आता उठून जायची सोय नाही, त्यामुळं ऐकून घ्या.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत नळांच्या कारखान्यात तुम्ही अठरा वर्षं चाकावर उभे होतात, आणि मग कल्याणला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत हा दहा बाय बाराचा गाळा घेतलात. एक मोटार, तिच्या दोन्ही टोकांना चाकं. डावीकडे खरखरीत दोराचं, काळं काढायला. उजवीकडे मऊ कापडाचं, चकाकी आणायला. फिरत्या चाकाला पॉलिशच्या मसाल्याची वडी टेकवली की जळक्या मेणासारखा वास सुटायचा. संध्याकाळपर्यंत तुमचे दात आणि डोळ्यांतलं पांढरं तेवढं मूळ रंगाचं उरायचं. रॉकेलनं हात धुवायचे, मग लाकडाच्या भुशात चोळायचे, मग साबण. तरी आई म्हणायची, तुमच्या हातची चपाती नको, तिला पॉलिश येईल.

मी लहानपणापासून डबा घेऊन दुकानात यायचे ते खरं तर चाकाकडे बघायला. तुम्ही काळा ठिक्कर तांब्या चाकाला लावायचात. आधी तो मातकट व्हायचा, मग पिवळा, मग एक क्षण असा यायचा की वाटायचं तांब्या ओला झाला. आणि त्याच्या पुढच्या क्षणी त्यात खिडकी दिसायची, बाहेरचा रस्ता दिसायचा, तुमची बोटं दिसायची. दरवेळी तेच व्हायचं आणि दरवेळी माझ्या अंगावर काटा यायचा. मला वाटायचं उजेड बाहेरून पडत नाहीये, तो आतच होता, तुम्ही त्याला वाट करून दिलीत. आजही वाटतं. वयानं शहाणपण येतं म्हणतात, या बाबतीत मला काही आलेलं नाही.

आणि तुमचे डोळे! समोरच्या भांड्यांच्या दुकानात दोरीला घागरी टांगलेल्या असायच्या. तुम्ही आपल्या गाळ्यात चाकावर वाकलेले, आणि मध्येच मान वर करून म्हणायचात, "तिसऱ्या घागरीला कानाखाली रेघ आहे." मी रस्ता ओलांडून बघायला जायचे. रेघ असायची. केसाएवढी. दुकानदार ओरडायचा, "ओ आप्पा, गिऱ्हाईक आहे इथं, जरा हळू बोला की!" मग रोज सकाळी तो स्वतःच विचारायला लागला, "आप्पा, आज कितवी?" आणि तुम्ही हातातलं काम न सोडता नंबर सांगायचात. गल्लीत सगळ्यांना तुमच्या नजरेचा अभिमान होता. मला तिची थोडी भीतीही वाटायची. या माणसापासून काही लपणार नाही असं वाटायचं.

तांब्या-समईचे नियम वेगळे आणि देवाचे वेगळे. घरातला देव उजळायला बाहेर काढला की लोक त्याच्या जागी देव्हाऱ्यात सुपारी ठेवून येतात. तुम्ही म्हणायचात, तिकडं सुपारी त्याची पूजा घेत बसलीय, आपण उशीर करायचा नाही. दुसरं, देव येताना त्यांच्या हातानं येईल, पण जाताना आपल्या हातानं पोचवायचा, वाटेत चरा गेला तर तो आपला चरा. आणि तिसरा नियम तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलात की पाढ्यासारखा पाठ झाला. चाक अंगाला, बोट तोंडाला. अंगाचं पितळ जाड असतं, ते चाकाला दाद देतं. तोंडावर नाक म्हणजे तांदळाची कणी आणि डोळे म्हणजे सुईनं मारलेले टोचे. तिथं चाक गेलं की ते परत येत नाही. तोंडाला गोवरीची वस्त्रगाळ राख, थेंबभर लिंबू आणि अंगठा, बास. एका बाळकृष्णाच्या तोंडाला तुम्ही तीन-तीन दिवस लावायचात. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचात, "तुमच्या घरातल्या चार पिढ्यांनी हे तोंड बघितलंय. मी ते दहा मिनिटांत कसं करू?"

त्या वर्षी मी बावीस वर्षांची होते. कॉलेज संपलं होतं, घरी बसायचा कंटाळा येत होता, म्हणून दुकानात यायला लागले आणि वर्षभरात चाकावर उभी राहिले. आत्यानं तुम्हाला घरी येऊन ऐकवलं, "पोरीची जात, तिला काळं करून ठेवलंस! कोण करणार हिला?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिचा हात हलत नाही. तुझ्या दोन्ही मुलांचे हलतात, मी बघितलेत." आत्या त्या दिवशी चहा न घेता गेली. मी मोरीत जाऊन हसून घेतलं आणि मग जरा रडलेही, कारण तुम्ही माझं कौतुक केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मार्गशीर्षात लग्नाची गर्दी असते. डोंबिवली पश्चिमेहून, कोपरच्या बाजूनं, एक बाई अन्नपूर्णा घेऊन आल्या. त्यांच्या आईनं त्यांना लग्नात दिलेली, आता त्या ती मुलीला देणार होत्या. "आठ दिवसांवर लग्न आलंय," त्या म्हणाल्या. "देव्हाऱ्यात सुपारी ठेवून आलेय. गौरीहराला मुलगी हिला पुजेल आणि हिला घेऊनच सासरी जाईल." तुम्ही ती तळहातावर घेतलीत, बराच वेळ बघितलीत. "जुनं काम आहे," म्हणालात. "तोंड बघ काय आहे. हसतेय, पण ओठ हलवलेले नाहीत." मीही बघितलं. खरोखरच ती हसत होती, आणि ते हसू नक्की कुठं आहे ते सापडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला समई पोचवायला जायचं होतं. जाताना मला म्हणालात, "हिचं अंग करून ठेव. तोंड मी आल्यावर बघतो."

मी अंग केलं. चांगलं केलं. खांदे, मांड्या, पळी, साडीच्या निऱ्या, पाठीमागची प्रभावळ. कापडाच्या चाकावर ती अशी काही उजळली की गाळ्याच्या भिंतीवर तिचा कवडसा पडला. आणि मधोमध तेवढं तोंड काळं. मी तिला चाकापासून लांब धरून बघितलं आणि पुन्हा चाकाकडे नेलं, या वेळी तोंडाच्या बाजूनं. पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. मोटार बंद केली तेव्हा तोंड लखलखत होतं आणि त्याच्यावर काही नव्हतं.

तुम्ही आलात. चपला काढल्यात, हात पुढे केलात. माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला कळलं असणार. मी तुमच्या तोंडाकडे बघितलंच नाही, अंगठ्याकडे बघत होते. तो एकदा वरून खाली गेला, परत वर आला आणि थांबला.

"दिसलं नाही?" तुम्ही विचारलंत. आवाज चढवून नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"नाही," मी म्हणाले. "दिसलं नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात. "हात धू."

पलीकडच्या गल्लीतला नक्षीकाम करणारा येऊन बघून गेला. छिन्नीनं नाक-डोळे काढून देतो, कुणाला पत्ता लागणार नाही म्हणाला. तुम्ही मान हलवलीत. "ती मग दुसरीच कुणी होईल. आणि हे लोक तिलाच आपली म्हणून पुजत बसतील." तुम्ही अन्नपूर्णा मलमलीत गुंडाळलीत, माझ्या हातात दिलीत आणि आपण कोपरला गेलो.

तिसरा मजला, जिना अरुंद. दारावर पितळेची पाटी होती. मला ती पाठ आहे, कारण पुढचा सगळा वेळ मी तिच्याकडेच बघत होते. बाईंनी मलमल सोडली. आधी त्यांना कळेना. मग कळलं. "अहो, हिचं नाक कुठंय?" त्यांचा आवाज फाटला. "माझ्या आईनं माझ्या ओटीत घातलीय ही! मी आता मुलीला काय देऊ, बिनतोंडाची देवी?" आतल्या दारात ती नवरी मुलगी उभी होती, केसांना तेल लावलेली. तुम्ही हात जोडलेत. "माझ्या हातून झालं," म्हणालात. "नजर अधू झालीय माझी. कळलं नाही." मी मान वर केली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाई म्हणाल्या, "नजर गेलीय तर दुकान बंद करा! लोकांचे देव कशाला हातात घेता?" तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे तुमचं." आणखी बरंच बोलल्या त्या. आंधळा म्हणाल्या. तुम्ही प्रत्येक वाक्याला मान हलवत होतात. आणि मी, आप्पा, तुमच्यापासून हातभर अंतरावर रिकामी पिशवी धरून उभी होते आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. तुमच्या आधी जिना उतरून खाली आले. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, "भूक लागलीय. वडा खाऊ." आपण वडा खाल्ला. तुम्ही मला एका शब्दानंही बोलला नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

मला वाटलं होतं तिथंच संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा बाळकृष्ण घेऊन आले. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. "मी देव करत नाही आता," म्हणालात, "नजर पुरत नाही. देव माझी मुलगी करते. तिचा हात चांगला आहे." माझ्या हातातला तांब्या चाकानं ओढून घेतला आणि भिंतीवर आपटला. तुम्ही तिकडं बघितलंसुद्धा नाहीत. एका घरात, एकदाच बोललेलं खोटं तुम्ही घरी घेऊन आलात आणि मरेपर्यंत सांभाळलंत. गिऱ्हाईक म्हणायचं, "आप्पा, इथं चरा आहे बघा." तुम्ही डोळे बारीक करून म्हणायचात, "कुठं? मला नाही दिसत हो," आणि तुमचं बोट आपसूक बरोबर त्या चऱ्यावर जाऊन बसायचं. तुम्ही बाजारातून चष्मा आणलात. पेपर हातभर लांब धरून वाचायला लागलात. घरी आई म्हणायची, "पेपर दिसत नाही, पण भातातला खडा बरा दिसतो तुम्हाला!" तुम्ही खडा ताटाच्या कडेला ठेवून गप्प जेवायचात. आईला सगळं माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं मला विचारलं असतं.

सगळ्यात वाईट मला घागरींचं वाटलं. समोरचा दुकानदार काही दिवस सकाळी हाक मारायचा, "आप्पा, आज कितवी?" तुम्ही म्हणायचात, "कुठल्या घागरी रे?" मग त्यानं विचारायचं सोडलं. तुम्ही चाकावर वाकलेले असायचात आणि मध्येच तुमची मान वर व्हायची, रस्त्यापलीकडे जायची, एका जागी थांबायची, आणि परत खाली यायची. मला कळायचं की तुम्हाला रेघ दिसलेली आहे.

आणि मला तुम्ही काय दिलंत! भंगारातून एक अन्नपूर्णा आणलीत, डांबरासारखी काळी, नाक-डोळे आहेत की नाहीत तेही कळू नये अशी. "चाक नाही," म्हणालात. "अंगालाही नाही. अंगठा आणि राख. होईल तेव्हा होईल." रोज दुपारी जेवणानंतर मी ती घेऊन बसायचे. पहिला महिना काही नाही, नुसतं काळं बोट. दुसऱ्या महिन्यात कपाळावर मोहरीएवढा पिवळा ठिपका. मग भुवई. मग एक दिवस राख पुसली आणि खाली एक डोळा होता, माझ्याकडे बघत. आप्पा, मी ओरडलेच. तुम्ही चाकावरून न वळता विचारलंत, "कुठला?" मी म्हटलं, "डावा." "उजव्याला आता घाई करू नको," म्हणालात. चार महिने लागले. ज्या दिवशी ओठ निघाले त्या दिवशी मी दुकानात बसून ढसाढसा रडले आणि तुम्ही मोटारीला तेल देत होतात, गरज नसताना. माझ्या लग्नात तुम्ही तीच मला दिलीत. आज ती माझ्या देव्हाऱ्यात आहे. तिच्या तोंडाला चाक माहीत नाही.

लोक आता ठाण्याहून, कुठून कुठून येतात. "देव द्यायचे तर तुमच्याकडेच," म्हणतात. माझं नाव झालं. ते सगळं नाव तुमच्या त्या एका खोट्यावर उभं आहे. ज्या हातानं देवीचं तोंड घालवलं त्याच हाताकडे तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी देव सोपवलात, आणि आपला चांगला डोळा सगळ्या गल्लीसमोर मिटून घेतलात. असं कुणी करतं का हो? मी माझ्या मुलासाठी केलं असतं का, हा विचार मी बऱ्याचदा केलाय. उत्तर मला आवडत नाही.

तुम्ही गेल्यावर तेराव्यानंतर तुमच्या वस्तू आवरताना मी तो चष्मा डोळ्यांवर ठेवला. जड नंबर असेल, गरगरेल, म्हणून भिंतीला धरून. समोर कॅलेंडर होतं तसंच दिसलं, खिडकी तशीच दिसली. काचा साध्या होत्या. नऊ वर्षं तुम्ही साध्या काचा पुसून पुसून घातल्यात. मी तो घडी करून त्याच्या डबीत ठेवला आणि त्या दिवशी ठरवलं की कुणाला तरी खरं सांगायचं. एकवीस वर्षं मी ते ठरवतेच आहे.

तर गेल्या महिन्यात ती बाई आली. आतल्या दारात उभी असलेली ती नवरी मुलगीच ही, लग्नानंतर ठाण्याला गेलेली. मी विचारलं, "हिचं तोंड?" ती हसली. "अहो ती आमच्या घरची स्टोरीच आहे. माझ्या लग्नाच्या वेळी कल्याणला कुणी पॉलिशवाले होते, आंधळे झालेले. त्यांनी पुसून टाकलं. तुम्हाला माहीत असतील का?" माझ्या जिभेवर आलं होतं. पुढे ती म्हणाली, "आता लेझरनं फेस करून मिळतो म्हणे. करू या का?" मी म्हटलं, "नको. मी हातानं करून देते. पोचवायलाही मीच येईन." ती म्हणाली, "मग कोपरलाच या. आई अजून तिथंच असते, ग्रहमख तिथूनच आहे." म्हणजे मी पुन्हा गप्प बसले, आप्पा. तीस वर्षांनी, त्याच कारणासाठी. माझं नाव जाईल म्हणून.

अकरा दिवस मी तिला अंगठ्यानं केलं. अंगही अंगठ्यानंच. तोंड परत आलं नाही, येणार नव्हतंच. पण तीस वर्षं तिला रोज कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं होतं, दूध-पाणी घातलं होतं, पुसलं होतं. कुणीही तिला ट्रंकेत टाकून दिलं नव्हतं. राख पुसता पुसता अकराव्या दिवशी मला वाटलं, आता पुरे. हिच्यासमोर तरी पुरे.

इमारत पाडून नवी झालीय, लिफ्ट आहे. दारावर पाटी मात्र तीच. आत वयस्क बाई खुर्चीत बसल्या होत्या, ऐंशी ओलांडलेल्या, काचबिंदूनं दृष्टी जवळजवळ गेलेली. मी मलमल सोडून अन्नपूर्णा त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि बसायच्या आधीच बोलले, नाहीतर परत राहून गेलं असतं. "आजी, मी त्या कल्याणच्या पॉलिशवाल्यांची मुलगी. त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती. हे तोंड त्यांनी नाही, मी घालवलं. ते माझ्यासाठी खोटं बोलले." मुलगी हातातला चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

म्हाताऱ्या बाईंनी अन्नपूर्णेवरून अंगठा फिरवला. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"आई!" मुलगी म्हणाली.

"अगं, त्याच दिवशी कळलं. तू आधीच खाली पळालीस ना," हे मला. "तुझे वडील चार पायऱ्या उतरले, वळले आणि मला म्हणतात, बाई, पाटीच्या खालच्या कोपऱ्यात हिरवं धरायला लागलंय, चिंच लावू नका, चुना लावा. नखाएवढा डाग, जिन्यातल्या अंधारात! मी रोज पुसायची पाटी, मला दिसला नव्हता. आणि हा म्हणे नजर गेलेला माणूस."

मला हसू फुटलं, आप्पा. त्यांनाही फुटलं. मुलगीही ट्रे ठेवून हसायला लागली. एवढी शिवीगाळ ऐकलीत, एवढं खोटं रेटून बोललात, आणि एक डाग दिसल्यावर तुमच्यानं राहवलं नाही! हसता हसता माझ्या डोळ्यांना धार लागली. मी विचारलं, "मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"बाप होता तुझा. बोलणी खायला आला होता, मी बोलून घेतलं. तेव्हा राग होता, नंतर राहिला नाही." मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे आता. लहान होतीस. चाक फिरतं, हातून सुटतं. दिसलं नसेल तुला."

"हो," मी म्हणाले. "दिसलं नाही."

पुन्हा तेच, आप्पा. तुमच्या नावावरचा डाग पुसून आले आणि माझ्यावरचा तसाच ठेवून आले. त्यांनी मला लाडू दिला, लग्नाचं आमंत्रण दिलं, निघताना मी पाटीच्या कोपऱ्याला हात लावून बघितला. स्वच्छ आहे. त्यांनी चुनाच लावला असणार.

वीज आली. पंखा फिरायला लागलाय आणि बाहेर कुणीतरी घंटा घेऊन उभं आहे. हे कागद तुमच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवीन, आणखी कुठं पाठवणार. पण तुम्ही मला आयुष्यात एकच प्रश्न विचारला होतात ज्याचं उत्तर मी खोटं दिलं, आणि माझं ते खोटं तुम्ही खरं धरलंत, आणि ते न दिसणं स्वतःच्या डोळ्यांवर घेतलंत. म्हणून तेवढं सांगते. मी तिला चाकाला लावलं तेव्हा आधी काळं गेलं, मग ती ओली झाल्यासारखी झाली, मग तोंडातून उजेड यायला लागला. नाक झिजत होतं. हसू जात होतं. हात मागे घ्यायला भरपूर वेळ होता. पण तो उजेड वाढत होता, आणि मला बघायचं होतं तो अजून किती वाढतो.

दिसलं होतं, आप्पा. शेवटपर्यंत दिसत होतं. आणि इतकं सुंदर मी पुन्हा काही पाहिलेलं नाही.